परवानगी नाकारली, वर नोटीसही आली: आता धरणे धरायचे की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाण्याच्या प्रश्नावर शे-दीडशे लोक तहसील कार्यालयासमोर एक दिवस धरणे धरणार आहेत. ठाण्यात रीतसर अर्ज दिला. चार दिवसांनी दोन कागद हातात पडले. पहिल्यात 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे' असे लिहिले आहे. दुसरा कागद म्हणजे कलम १६८ ची नोटीस. 'काही अनुचित प्रकार घडल्यास आपणांस सर्वस्वी जबाबदार धरण्यात येईल व सदरची नोटीस आपणांविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल.' त्यातच तुमच्यातल्या एका तरुणाला पालकमंत्र्यांवर टीका करणाऱ्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून ठाण्यात बोलावून दोन तास बसवून ठेवले. हे सगळे कायद्यात बसते का, आणि ठरल्या दिवशी बसायचे की नाही, असे तुम्ही विचारता.

मी महाराष्ट्र पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. हे दोन्ही कागद मी शेकड्यांनी सह्या करून पाठवले आहेत. संगणकावर मसुदा तयार असतो, नाव आणि तारीख तेवढी बदलायची. कधीकधी तीही बदलायची राहते आणि मागच्या वर्षीच्या मोर्चाची तारीख तशीच जाते. त्यामुळे त्यांचे वजन किती, हे मी सांगू शकतो.

आधी नोटीस. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४९. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच राहिला. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस अधिकाऱ्याने मध्ये पडावे आणि शक्य ते करावे, एवढेच ते म्हणते. म्हणजे कर्तव्य पोलिसांचे सांगितले आहे, तुमचे नाही. त्यात नोटिशीचा नमुना नाही, धरणे धरू नका अशी मनाई नाही, शिक्षा तर नाहीच. नोटीस ही आमची वहिवाट. उद्या काही बिघडले आणि वरून विचारणा झाली की 'आम्ही आयोजकांना आधीच बजावले होते' असे म्हणता यावे, यासाठी तो कागद असतो. खरे सांगायचे तर तो तुमच्यापेक्षा ठाणे प्रभारीच्या बचावासाठी जास्त असतो. म्हणून ती नाकारू नका. नाकारली तर दोन पंच बोलावून पंचनामा होतो आणि उगीच कटुता वाढते. 'मिळाली' असे लिहून तारीख, वेळ घालून सही करा. जमल्यास दोन ओळींचे उत्तर द्या: कार्यक्रम शांततेचा आहे, स्वयंसेवक अमुक अमुक आहेत, त्यांचे फोन नंबर हे.

नोटिशीत खरी ताकद केव्हा येते? तिच्या मागे मनाई आदेश असेल तेव्हा. ही साखळी नीट समजून घ्या, कारण बहुतेक कार्यकर्ते आणि काही वकीलसुद्धा इथेच गोंधळतात. नुसते धरणे हा गुन्हा नाही. पाच किंवा जास्त माणसे एकत्र बसली म्हणून बेकायदेशीर जमाव होत नाही. जमावाचा समान उद्देश बेकायदेशीर असावा लागतो, हे न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम १८९ मध्ये स्पष्ट आहे. पण जमावबंदीचा आदेश लागू असेल तर त्याचा भंग हा गुन्हा होतो, आणि गुन्हा म्हटला की त्याला 'प्रतिबंध' करण्याची सगळी कलमे जागी होतात. म्हणून नकाराचे पत्र आले की पहिला प्रश्न एकच विचारायचा: कोणत्या आदेशाने? आदेश क्रमांक आणि तारीख काय?

महाराष्ट्रात हा आदेश बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) आणि (३) खालचा असतो. आपल्याकडे लोक सरसकट '१४४ लागली' म्हणतात. ते कलम आता १६३ झाले आहे आणि त्याचा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिने. ३७(३) चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाही. कायदा करणाऱ्याला अपेक्षित होते की काही विशेष प्रसंग असेल तेव्हाच हे हत्यार बाहेर काढावे. प्रत्यक्षात अनेक जिल्ह्यांत एक आदेश संपायच्या आत दुसरा निघतो. सण, जयंत्या, निवडणुका, 'विविध संघटनांची आंदोलने' अशी कारणांची माळ असते आणि वर्षातले फार थोडे दिवस कोरडे जातात. मी स्वतः असे प्रस्ताव पाठवले आहेत. त्या वेळी त्यात काही गैर वाटले नाही, कारण आमच्या आधीच्यानेही तेच पाठवले होते.

न्यायालयाला मात्र ते गैर वाटले आहे. बीड जिल्ह्यात माजलगावला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बेमुदत धरणे धरायचे होते आणि अशाच ३७ च्या आदेशाकडे बोट दाखवून परवानगी नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले. कागदावर आदेश सर्वांसाठी असला तरी रोख विशिष्ट आंदोलकांवर होता, हे न्यायालयाने ओळखले. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही, असेही स्पष्ट सांगितले. त्याच्या महिनाभर आधी, १० जानेवारी २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात म्हटले होते की १४४ चा वापर रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी करता येत नाही. आदेशात ठोस कारणे हवीत, निर्बंध प्रसंगाच्या प्रमाणात हवा आणि आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. प्रसिद्ध होणे ही साधी वाटणारी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो आदेश दाखवता येत नाही, त्याचा भंग कोणी कसा करायचा?

एकतर्फी चित्र नको म्हणून हेही सांगतो. जमावबंदीचे कलम घटनाबाह्य आहे असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. नागपूरच्या कामगार संघटनांच्या वादातून निघालेल्या बाबूलाल पराते प्रकरणात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आहे. अधिकार आहेच. तो रोज वापरायचा नाही, एवढाच मुद्दा आहे.

आता 'परवानगी' या शब्दाकडे येऊ. संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार दिला आहे. परवानगी हा शब्द तिथे नाही. कलम १९(३) मध्ये निर्बंधाची कारणे आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. बस, एवढीच. अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभेला परवानगी देण्या-न देण्याचा पोलिसांना मोकाट अधिकार देणारा नियम रद्द केला. रस्त्यावरची सभा केव्हा, कुठे, कशी याचे नियमन सरकार करू शकते, पण सरसकट दार बंद करू शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. पन्नास वर्षे झाली त्याला. तरी आमच्या मसुद्यात 'परवानगी नाकारण्यात येत आहे' हे वाक्य तसेच आहे.

आणि 'कायदा व सुव्यवस्था' हे कारणही तपासून पाहा. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात न्यायालयाने तीन वर्तुळांचा दाखला दिला होता. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि त्याहून आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांची हाणामारी पहिल्या वर्तुळात येते, पण म्हणून गावाचे जीवन विस्कळीत झाले असे होत नाही. संविधान निर्बंधाला मुभा देते ती दुसऱ्या वर्तुळापासून. तहसीलसमोर दीडशे लोक मंडपात बसल्याने अर्धा तास वाहतूक मंदावली तर ती गैरसोय झाली. सार्वजनिक सुव्यवस्था त्यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

मग पोलिसांनी काय ठरवायचे? जागा, वेळ, मार्ग, ध्वनिक्षेपक, मंडप रस्त्यात किती पुढे येणार, रुग्णवाहिकेची वाट. हे सगळे आमचे काम आणि त्यात आमचा शब्द तुम्ही मानला पाहिजे. शाहीनबाग प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून आंदोलन करता येणार नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, जंतरमंतरवरची सरसकट बंदी त्याच न्यायालयाने चुकीची ठरवली होती. दोन्ही निकाल एकत्र वाचले की रेषा दिसते. गेटच्या बाजूची मोकळी जागा मागा, दहा ते पाच वेळ मागा, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्याच दिवशी विरोधी गटाचाही कार्यक्रम असेल तर पोलीस तारीख बदलायला सांगतील. ते बहुतेक वेळा रास्त असते. पण 'विरोधी गट येऊन दगड मारील' म्हणून तुम्हालाच घरी बसवणे रास्त नाही. समोरच्याच्या दंगलीच्या धमकीपुढे आम्ही हतबल आहोत, असे सरकारला म्हणता येत नाही. उलट बोलणाऱ्याचे संरक्षण करणे हेच त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन प्रकरणात सांगितले. मी मात्र नोकरीत उलटेच जास्त पाहिले. शांत माणूस ऐकतो, म्हणून त्यालाच उठवायचे. दगडवाला ऐकत नाही, म्हणून त्याच्या वाटेला जायचे नाही.

ही झाली कागदाची बाजू. पण माणसे जखमी होतात ती कागदाने नाही, त्या दिवशी मैदानावर काय घडते त्याने. म्हणून थोडे बंदोबस्ताबद्दल.

नवीन उपनिरीक्षक असताना एका मोर्चात मी वक्त्याच्या हातातला माईक ओढून घेतला. तो मंत्र्यांबद्दल वाईट बोलत होता, आणि वरिष्ठ मागे उभे होते. तोपर्यंत लोक शेंगदाणे खात निवांत ऐकत होते. माईक ओढल्याबरोबर तीनशे माणसे उभी राहिली. नंतरची वीस मिनिटे काय झाले ते आठवायला नको वाटते. दोन शिपायांची डोकी फुटली, एका म्हाताऱ्याचा हात मोडला, आणि अहवालात मी लिहिले की 'जमाव अचानक हिंसक झाला'. जमाव अचानक काहीच होत नाही. शंभरातले नव्वद जण उन्हात किती वेळ बसायचे या विचारात असतात. पोलिसांनी सगळ्यांना एकच समजून ढकलले, की त्या क्षणी ते खरोखर एक होतात.

दुसरी गोष्ट आमच्या प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती: प्रत्येक मोर्चाला शेवट लागतो. लोक दहा-वीस किलोमीटरवरून भाकरी बांधून येतात ते कुणीतरी जबाबदार माणसाने बाहेर येऊन निवेदन घ्यावे म्हणून. ते झाले की पाय आपोआप बसस्थानकाकडे वळतात. ते झाले नाही तर लोक थांबतात, ऊन उतरते, मागून रेटा वाढतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात हेच झाले. हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा दिवसभर अडवून ठेवला होता आणि भेटायला कोणी जबाबदार मंत्री आला नाही. संध्याकाळी रेटारेटी, लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले फार. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्यांना त्यानंतर नागपूर बंदोबस्त म्हटले की पहिला प्रश्न सुचायचा: अडवायचे कुठे ते ठरले, पण मागे फिरायची वाट कुठे आहे? मी नंतर प्रत्येक मोर्चाआधी तहसीलदारांना किंवा प्रांतांना फोन करून 'निवेदन घ्यायला किती वाजता खाली येणार' हे आधी पक्के करायचो आणि मग बंदोबस्ताचे पॉइंट लावायचो. काही अधिकाऱ्यांना त्यात कमीपणा वाटतो, 'माझ्या दालनात या' म्हणतात. पाच जणांना दालनात घ्या, पण त्यानंतर दोन मिनिटे बाहेर येऊन सगळ्यांना दिसा. एवढ्याने एसआरपीची एक तुकडी वाचते.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी पायी निघाले. ११ तारखेला मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा रस्त्यावर आला असता तर मुलांची वाट अडली असती. पायांना फोड आलेली ती माणसे विश्रांती न घेता रात्रीच चालत आझाद मैदानावर गेली. पोलिसांनी लाठी दाखवून हे घडत नाही. रात्रीच्या मार्गावर पोलीस आणि आयोजक एकाच बाजूला उभे होते, म्हणून ते घडले. २०१६ पासूनच्या मराठा मूक मोर्चांतही तेच दिसले. लाखोंचा समुदाय, घोषणा नाहीत, पुढे मुली, मागे स्वयंसेवक कचरा उचलत. आमचे काम वाहतूक वळवण्यापुरते उरले होते. त्याच आरक्षणाच्या मागणीसाठी १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्या दिवसापर्यंत ते गाव जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. आठवड्याभरात आंदोलन राज्यभर पसरले, आणि गृहमंत्र्यांना जखमींची क्षमा मागावी लागली. लाठीने गर्दी पांगते असे आम्हाला शिकवले होते. पांगते, पण दुसऱ्या दिवशी दसपट होऊन परत येते.

बळाचा वापर करायचाच झाला तर त्यालाही क्रम आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो. तो ध्वनिक्षेपकावर, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा द्यायचा. मग निघायला वेळ, आणि निघायला मोकळी बाजू. जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांना उठवून अश्रुधूर सोडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांना त्याबद्दल दोषी धरले आणि आयोजकांनाही त्यांच्या वाट्याचा दोष दिला. झोपलेल्या माणसापासून सुव्यवस्थेला तातडीचा धोका काय, हा प्रश्न साधा होता. रात्रीचे काम उरकून टाकायची सवय मात्र खात्यातून गेलेली नाही.

ठरल्या दिवशी तुम्हाला उचलले तर काय होईल, तेही सांगतो. नेहमीची पद्धत म्हणजे '६८ खाली ताब्यात, ६९ खाली सुटका'. ही पोलीस अधिनियमाची कलमे आहेत. पोलिसांची रास्त सूचना न पाळणाऱ्याला बाजूला नेता येते आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग टळला की सोडता येते. गाडीत घालून मंगल कार्यालयात किंवा पोलीस मुख्यालयाच्या मैदानात नेतात, नावे लिहितात, चहा देतात, संध्याकाळी सोडतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने तसाच अधिकार आता देशभर दिला आहे. मर्यादा चोवीस तासांची. कलम १७० (जुने १५१) वेगळे. तिथे दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत पोलिसांना माहीत असावा लागतो आणि अटकेशिवाय तो टळणार नाही अशी स्थिती असावी लागते. मंत्री गावात येणार म्हणून आदल्या रात्री विरोधी कार्यकर्त्यांना घरातून उचलणे या कलमात बसवतात खरे, पण न्यायालयात त्याचे समर्थन करताना घाम फुटतो. काळा झेंडा दाखवणे हा गुन्हा नाही. तरी सभामंडपाच्या दारावर आमचे शिपाई काळे रुमाल आणि काळ्या छत्र्या गोळा करत उभे असायचे. एकदा एका नवरदेवाच्या काकांचा काळा कोट काढून घेतला होता, लग्न शेजारच्या कार्यालयात होते.

गुन्हा दाखल झालाच तर बहुधा आदेशभंगाचा, म्हणजे न्याय संहितेचे कलम २२३ (जुने १८८) किंवा पोलीस अधिनियमाचे १३५. यातल्या २२३ ला एक मोठी अट आहे. संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालयाला त्याची दखल घेता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१५ बघा. जुन्या १८८ ची कितीतरी प्रकरणे या एका मुद्द्यावर उच्च न्यायालयात रद्द झाली. खरी काळजी करा ती १३२ ची, म्हणजे जुने ३५३: लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे आणि एका धक्क्याने लागते. म्हणून स्वयंसेवकांना एकच शिकवा, पोलिसाच्या अंगाला हात लावायचा नाही, गाडीत चढा म्हटले की चढायचे. व्हिडिओ काढायला हरकत नाही. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालचे 'निषिद्ध ठिकाण' नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

आंदोलनाची खरी शिक्षा न्यायालयात मिळत नाही. खटला आठ-दहा वर्षे रेंगाळतो, मग राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघतो आणि नेत्यांची नावे कमी होतात. तोवर तुमच्यातल्या बावीस वर्षांच्या पोराची भरतीची चारित्र्य पडताळणी अडते, पासपोर्ट अडतो. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत: 'अर्जदारावर गुन्हा प्रलंबित आहे.' गुन्हा काय, तर घोषणा दिल्या. भरतीची तयारी करणारी पोरे पहिल्या रांगेत बसवू नका, हा माझा अगदी व्यवहारी सल्ला आहे. तो द्यावा लागतो याची मला लाज वाटते.

मध्येच एक सूचना: निवेदनात 'अन्यथा आत्मदहन करू' असे वाक्य असेल तर ते काढा. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी असे इशारे प्रत्येक जिल्ह्यात ढिगाने येतात, आणि त्या प्रत्येकाच्या घरी एक शिपाई बसवावा लागतो. लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा न्याय संहितेच्या कलम २२६ खाली आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्या एका वाक्यामुळे तुमच्या पाण्याच्या प्रश्नाची फाईल गोपनीय शाखेकडे जाते आणि पाणी बाजूला राहते.

आता स्टेटसचे. तुमच्या मुलाने लिहिले होते, 'पालकमंत्री टँकरलॉबीचे पालक आहेत.' बोचरे आहे, अब्रूनुकसानी वाटली तर मंत्र्यांनी स्वतः न्यायालयात जावे. त्यात पोलिसांचे काम नाही. दोन समाजांत तेढ निर्माण करण्याचे १९६ (जुने १५३-अ) यात कुठून येणार, समाज एकच, तो तहानलेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांवर कलम ३७० रद्द करण्यावर टीका करणाऱ्या व्हॉट्सॲप स्टेटसमुळे गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असे म्हटले. एका वर्षाने, २८ मार्च २०२५ ला, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हाही रद्द झाला. दोन्ही निकाल न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाचे. शब्दांचा परिणाम कणखर, विवेकी माणसाच्या नजरेने मोजायचा, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेने नाही, ही त्यातली कसोटी. आणि तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणे योग्य, असेही सांगितले. त्या चौकशीची परवानगी उपअधीक्षकाने द्यायची असते. माझ्या खुर्चीवर आता जो बसला असेल त्याच्या टेबलावर ती फाईल येते, म्हणून तुमचा अर्ज ठाण्यात न देता थेट त्याच्याकडे द्या.

घोषणांबद्दलही हीच भीती असते. इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडमध्ये दोघांनी फुटीर घोषणा एक-दोनदा दिल्या. त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बलवंत सिंग प्रकरणात रद्द केली, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणीही प्रतिसाद दिला नव्हता. एवढ्या तापल्या दिवशी तो निकष लागू होतो, तर 'पाणी द्या नाहीतर खुर्ची सोडा' याने कुणाच्या पोटात गोळा यायचे कारण नाही.

त्या मुलाला पुन्हा फोन आला तर लेखी नोटीस मागायची. संशयित म्हणून बोलवत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५(३), साक्षीदार म्हणून असतील तर १७९. 'साहेबांनी बोलावलंय' हे कलम कुठल्याच संहितेत नाही. नोटीस आली की मात्र जायचे, वकील किंवा वडीलधारे कुणी सोबत घेऊन.

तर, बसायचे का? माझ्या मते बसा, पण आज दुसरा अर्ज द्या. त्यात पहिल्या नकाराचा जावक क्रमांक घाला, कोणत्या मनाई आदेशाने नकार दिला त्याची प्रत मागा, गेटऐवजी बाजूची जागा आणि दहा ते पाचची वेळ सुचवा, दहा स्वयंसेवकांची नावे जोडा, आणि निवेदन स्वीकारायला तहसीलदार किती वाजता येणार ते विचारा. प्रती पोलीस अधीक्षक आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना ईमेलने पाठवा. लागू आदेश खरोखर असेल आणि तरीही नकार कायम राहिला, तर दोन दिवस आधी खंडपीठात रिट दाखल करता येते. माजलगावकरांनी तेच केले. आदेशच नसेल, तर ठाणे प्रभारी बहुधा फोन करून म्हणेल, 'या चहाला, जागेचं बघू.' तेव्हा जा. चहा घ्या, आणि जागेचे जे ठरेल ते स्टेशन डायरीत नोंदवायला सांगून नोंद क्रमांक लिहून घ्या.